नेव्हिल कार्डस: क्रिकेट आणि संगीत, दोन्हींचा बखरकार

मध्यलय (धागालेखक):

क्रिकेटवर मराठीत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी कधी ना कधी नेव्हिल कार्डसचं नाव घेतलेलं असतं. धावफलकाला गाढव म्हणणारा लेखक, एवढी त्याची ओळख आपल्याकडे पक्की आहे. पण हा इंग्लिश माणूस १९२७ पासून मँचेस्टर गार्डियन या दैनिकाचा मुख्य संगीत समीक्षक होता, आणि त्याच्या स्वतःच्या लेखी तेच त्याचं खरं काम होतं. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात संगीत, असा त्याचा वर्षाचा क्रम. आपण त्याचा उन्हाळा वाचला आणि हिवाळा सोडून दिला. म्हणून हा धागा.

थोडक्यात चरित्र. मँचेस्टरच्या रशोम भागात १८८८ साली जन्म. (आत्मचरित्रात तो १८८९ म्हणतो. असं त्याच्या बाबतीत वारंवार होतं, त्याबद्दल पुढे लिहितोच.) आईचं लग्न झालेलं नव्हतं, वडील कोण ते घरात बोललं जात नसे, आजी-आजोबा लोकांचे कपडे धुऊन द्यायचे. शाळा तेराव्या वर्षाच्या सुमारास सुटली. पुढचं सगळं शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, ओल्ड ट्रॅफर्ड या क्रिकेट मैदानाच्या स्वस्त बाकांवर आणि फ्री ट्रेड हॉल या मैफलींच्या सभागृहाच्या मागच्या रांगांत. ३ डिसेंबर १९०८ ला मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाने हान्स रिश्टरच्या हाताखाली इंग्लिश संगीतकार एल्गारची पहिली सिंफनी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा तो मागे उभा राहून ऐकत होता. विशीतला, विमा दलालांकडे काम करणारा कारकून. गाण्याचं औपचारिक शिक्षण म्हणाल तर थोडे दिवस गळ्याचे धडे, बस.

१९१२ मध्ये तो श्रूझबरीच्या शाळेत क्रिकेटचा सहायक प्रशिक्षक झाला. १९१७ मध्ये संपादक सी. पी. स्कॉट यांच्या मँचेस्टर गार्डियनमध्ये लागला. १९१९ मध्ये आजारी पडला, आणि बातमी संपादकाने सुचवलं की बरं वाटेपर्यंत ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन बसा, जमलं तर सामन्याबद्दल लिहा. त्या विश्रांतीतून पुढची वीस वर्षं 'क्रिकेटर' या टोपणनावाने लेखन झालं.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते त्याचं क्रिकेटवरचं लेखन संगीत समीक्षकाचं आहे, आणि म्हणूनच ते वेगळं आहे. त्याच्या आधीचे वार्ताहर काय झालं ते सांगायचे. कार्डस कसं वाजलं ते सांगतो. स्वरलिपीत लिहिलेली चीज दोन गायक गातात तेव्हा कागदावर काहीच बदललेलं नसतं, तरी गाणी दोन असतात. डौलदार फलंदाज फ्रँक वूलीच्या चाळीस धावा आणि चिवट हॅरी मेकपीसच्या चाळीस धावा धावफलकावर सारख्याच दिसतात. धावफलकाला गाढव म्हणण्यामागे त्याची आकड्यांशी दुश्मनी नव्हती. बासरीच्या मैफलीला जाऊन कुणी फक्त स्वरलिपी घरी आणली तर जितकं हाती लागेल, तितकंच धावफलकातून लागतं, असं त्याचं म्हणणं मी समजतो.

लँकेशायर-यॉर्कशायर सामन्यांचं त्याने जे केलं ते बघा. हे सामने म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी चौकार मारायचा नाही, असा अलिखित नियम असल्यासारखं संथ, चिवट क्रिकेट. दुसरा कोणी त्याला कंटाळवाणं म्हणून मोकळा झाला असता. कार्डस त्यात विलंबित लय ऐकतो. धावा होत नाहीत ही तिथे बातमीच नाही. कोण कुणाला किती वेळ थोपवून धरतो, तिथे खरं नाट्य आहे. लय ऐकायची सवय असलेल्या कानालाच हे सुचू शकतं.

प्रश्न असा: या माणसाला इतिहासकार म्हणायचं का?

स्क्वेअरकट:

धागा आवडला, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून स्पष्ट 'नाही'.

कार्डस खेळाडूंच्या तोंडी वाक्यं घालायचा. हा आरोप नाही, त्याने स्वतःच वेगवेगळ्या प्रकारे ते मान्य केलंय. यॉर्कशायरचा एमट रॉबिन्सन हे ठळक उदाहरण. कार्डसच्या लेखांतून हा खेळाडू अजरामर झाला: ढगळ विजार, खेळपट्टीचा वास घेणारा, विल्फ्रेड ऱ्होड्सबरोबर 'चेंडू किती वाजता वळायला लागेल' यावर गंभीर चर्चा करणारा. आणि खुद्द रॉबिन्सन म्हणायचा की मला या माणसाने बनवलंय. कार्डसचं समर्थन काय, तर ते शब्द तो माणूस बोलला नसेल पण बोलायला हवा होता, आणि त्यातून वरच्या पातळीवरचं सत्य दिसतं.

वरच्या पातळीवरचं सत्य कादंबरीकाराला शोभतं. इतिहास लिहिणाऱ्याने खालच्या पातळीवरचं आधी नीट सांभाळावं. स्वतःचं जन्मवर्षसुद्धा ज्याने धड दिलं नाही, त्याच्यावर मी ऱ्होड्सच्या संवादासाठी कसा विश्वास ठेवू?

शिवाय आणखी एक खटकतं. जे खेळाडू त्याने असे रंगवले ते बहुतेक व्यावसायिक, म्हणजे गिरणी-खाणीच्या भागांतून आलेले. इंग्लंडमध्ये १९६२ पर्यंत हौशी आणि व्यावसायिक असा उघड भेद होता, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायची फाटकं वेगळी. मॅकलॅरेन किंवा रेगी स्पूनर या हौशी मंडळींबद्दल लिहिताना कार्डसच्या लेखणीत भक्ती असते. व्यावसायिकांना मात्र बोलीभाषेतले गमतीदार संवाद. ज्याच्यावर लिहिलं त्याला हे कसं वाटत असेल, याचा विचार व्हायला हवा.

पोथीवाला:

स्क्वेअरकट, तुमचा पहिला आक्षेप आपल्याला मराठीत नवा नाही. धाग्याच्या शीर्षकात 'बखरकार' आहे तो याच अर्थाने असावा असं समजतो.

इतिहासाचार्य राजवाडे बखरींबद्दल किती कठोर होते ते आपण जाणतो. अस्सल कागद एकीकडे आणि बखर दुसरीकडे, आणि दोन्हींत तंटा झाला तर कागद जिंकणार. ते बरोबरच होतं. पण म्हणून कोणी भाऊसाहेबांची बखर फेकून दिली का? पानिपतावर कोण कुठे उभा होता यासाठी पत्रं बघायची. त्या पराभवाचा घाव मराठी मनावर कसा बसला होता, हे समजायला बखरीशिवाय गत्यंतर नाही. बखर वाचायची एक पद्धत असते आणि ती आपल्याला दीडशे वर्षांच्या वादातून आलेली आहे: शेजारी कागद ठेवून वाचायची.

आणि इथे कार्डस आपल्या बखरकारांपेक्षा सुदैवी. कौंटी क्रिकेटच्या प्रत्येक सामन्याचा धावफलक जपून ठेवलेला आहे. त्याने काय फुलवलं आणि काय जसंच्या तसं दिलं, हे आज कोणालाही पडताळून बघता येतं. ज्या गाढवाची त्याने हेटाळणी केली तेच त्याला राखणदार म्हणून लाभलंय. ते असल्यामुळे आपल्याला त्याचं बाकीचं निर्धास्तपणे वाचता येतं.

स्क्वेअरकट:

पोथीवाला, पद्धत मान्य. पण मग तो साधन झाला, इतिहासकार नव्हे. बखर हे इतिहासाचं साधन असतं.

मध्यलय:

हा फरक मला मान्य आहे आणि चर्चेला उपयोगीही आहे. साधन म्हणू या. मात्र कसलं साधन, ते सांगायला हवं.

वर्गाच्या मुद्द्यावर थोडं. मॅकलॅरेनबद्दलची भक्ती खरी आहे. पण कार्डस स्वतः धोबीघाटाच्या मागच्या गल्लीतून आलेला होता. रॉबिन्सनसारख्यांची बोली त्याने बाहेरून ऐकलेली नव्हती, ती त्याच्या घरातली होती. १९२० च्या दशकात प्रतिष्ठित दैनिकाच्या पानावर व्यावसायिक खेळाडूला स्वभाव, बुद्धी, स्वतःचं तत्त्वज्ञान असलेला माणूस म्हणून कोण उभं करत होतं? बाकीच्यांच्या बातम्यांत व्यावसायिक म्हणजे आडनाव आणि आकडा. त्या संवादांत विनोद आहे, पण खेळ कोणाला जास्त कळतो हे वाचताना स्पष्ट होतं: रॉबिन्सन आणि ऱ्होड्सना.

पश्चिमवारा:

या धाग्यात एका माणसाचं नाव यायलाच हवं, ते अजून आलं नाही: सी. एल. आर. जेम्स. आणि हा तर निर्विवाद इतिहासकार. हैतीच्या गुलामांच्या उठावाचा त्याने लिहिलेला १९३८ चा इतिहास आजही अभ्यासला जातो.

जेम्स त्रिनिदादचा, जन्म १९०१. १९३२ मध्ये इंग्लंडला आला आणि लँकेशायरमधल्या नेल्सन गावात लिअरी कॉन्स्टंटाइनकडे राहिला. कॉन्स्टंटाइन तिथल्या क्लबचा व्यावसायिक खेळाडू होता. जेम्सने इंग्लंडचा गोलंदाज सिडनी बार्न्सवर एक लेख लिहिला, तो कार्डसकडे पोहोचला, आणि कार्डसने त्याला गार्डियनसाठी क्रिकेट लिहायला घेतलं. १९३० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये एका कृष्णवर्णीय लेखकाला मोठ्या दैनिकात अशी जागा मिळणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि त्याचं श्रेय कार्डसला द्यायला हवं.

पण उपकार झाले म्हणून जेम्सने डोळे मिटले नाहीत. १९६३ च्या आपल्या क्रिकेटवरील पुस्तकात त्याने कार्डसवर जी टीका केली आहे तितकी नेमकी टीका दुसऱ्या कोणाची माझ्या वाचनात नाही. तो म्हणतो, क्रिकेटवर लिहिताना कार्डस पदोपदी संगीत आणतो, पण संगीतावर लिहिताना त्याने एकदाही क्रिकेट आणलं नाही.

यावर जरा थांबून विचार करा. याचा अर्थ असा की कार्डसच्या मनात दोन्हींना एकाच पंगतीत जागा नव्हती. क्रिकेटला मोठं करायचं तर त्याला मोझार्टची शाल पांघरायची; मोझार्टला क्रिकेटची गरज नाही. जेम्सला ही उतरंडच मान्य नव्हती. त्याच्या मते क्रिकेट स्वतःच कला आहे, नाटक आणि नृत्याच्या बरोबरीची, उसनी प्रतिष्ठा न घेता. गोलंदाज आणि फलंदाज समोरासमोर उभे राहतात आणि प्रत्येकाच्या मागे एक अख्खा समाज उभा असतो, ही रचना त्याला ग्रीक नाटकाची आठवण करून देते.

आणि जेम्सकडे संगीतही होतं, फक्त ते सभागृहातलं नव्हतं. कॅलिप्सो (त्रिनिदादचा लोकगीतप्रकार) गाणाऱ्या माइटी स्पॅरोवर त्याने गंभीर लेख लिहिलाय. वेस्ट इंडीजने २९ जून १९५० ला लॉर्ड्सवर इंग्लंडला ३२६ धावांनी हरवलं. रामाधीनचे ११ बळी, व्हॅलेंटाइनचे ७. त्या विजयावर लॉर्ड बिगिनरने कॅलिप्सो रचली आणि ती सगळीकडे गाजली. रामाधीन-व्हॅलेंटाइन ही जोडी जगाला धावफलकापेक्षा त्या गाण्यातून जास्त माहीत झाली. संगीत आणि खेळ यांचं नातं शोधायचं असेल तर ते तिथे आहे: गाणंच सामन्याचा इतिहास सांगतंय.

मध्यलय:

पश्चिमवारा, जेम्सचा तो मुद्दा मला ठाऊक होता पण तुम्ही ज्या अर्थाने मांडलात तसा मी वाचला नव्हता. उतरंड होती, हे पटतं. कार्डससारख्या पोराने फ्री ट्रेड हॉलचा दरवाजा स्वतःच्या बळावर उघडला होता. ज्या दारातून आत यायला इतके कष्ट पडले त्या घराला तो देऊळ मानणार, हे समजण्यासारखं आहे. जेम्सला ते दार महत्त्वाचं वाटायचं कारण नव्हतं, त्याचं अंगण वेगळं होतं.

तरी एक बाब नोंदवतो. संगीतावर लिहिताना तो क्रिकेटचं नाव काढत नाही, पण क्रिकेटच्या वार्ताहराची सवय तिथे दिसते. रोजचं लिहायचं, त्याच रात्री लिहायचं. फ्री ट्रेड हॉलमधली मैफल संपली की क्रॉस स्ट्रीटवरच्या कचेरीत पोहोचून छापखान्याच्या वेळेत मजकूर द्यायचा. त्यामुळे त्याच्या संगीत समीक्षेत 'त्या संध्याकाळी काय घडलं' हे जिवंत असतं. त्याच काळातला संगीत समीक्षक अर्नेस्ट न्यूमन अधिक विद्वान होता, रचनेची चिरफाड करायचा, पुराव्यांनिशी बोलायचा. कार्डस आधी स्वतःवर काय परिणाम झाला ते सांगायचा. दोघांना एकमेकांची पद्धत पटत नसे. मला न्यूमनकडून माहिती मिळते आणि कार्डसकडून मैफल मिळते.

तंबोरा:

मी क्रिकेट फारसं बघत नाही, संगीताच्या बाजूने लिहिते.

कॅथलीन फेरियर ही लँकेशायरचीच गायिका. १९४७ च्या पहिल्या एडिंबरा महोत्सवात तिने वाद्यवृंद संचालक ब्रूनो वॉल्टर यांच्या हाताखाली संगीतकार माहलरचं 'पृथ्वीचं गीत' हे गीतचक्र गायलं. शेवटचा शब्द 'सदैव' या अर्थाचा आहे, तो पुन्हा पुन्हा विरत जातो. तिथे तिचा कंठ दाटून आला आणि अखेरचे स्वर तिला गाताच आले नाहीत. कार्डस नंतर रंगमंचामागे तिला भेटला. ती म्हणत होती की माझी फजिती झाली, वॉल्टरना काय वाटलं असेल. आणि वॉल्टर तिला म्हणाले की आम्ही सगळेच तुझ्याइतके कलावंत असतो तर सगळेच रडलो असतो.

हा प्रसंग माहलरविषयी बोलताना सगळीकडे सांगितला जातो, आणि तो आपल्यापर्यंत आलाय कार्डसकडून. मग स्क्वेअरकट यांचा प्रश्न इथेही विचारायला हवा: वॉल्टर खरंच तसं बोलले, की त्यांनी बोलायला हवं होतं? क्रिकेटमध्ये धावफलक राखणदार आहे असं पोथीवाला म्हणाले. मैफलीला तो नाही.

पण अर्धामुर्धा आहे. फेरियर आणि वॉल्टर यांनी तेच गीतचक्र १९५२ मध्ये व्हिएन्नात ध्वनिमुद्रित केलं. पुढच्याच वर्षी ती गेली. ते ऐकलं की त्या गळ्यात असं घडू शकतं का, याचं उत्तर मिळतं. माझ्यापुरतं ते 'हो' आहे. तिच्या निधनानंतर १९५४ मध्ये तिच्यावरचा आठवणींचा संग्रहही कार्डसनेच संपादित केला.

आपल्याकडे भास्करबुवा बखले यांचं उदाहरण घ्या. १९२२ मध्ये बुवा गेले, त्यांचं ध्वनिमुद्रण मागे राहिलं नाही. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य, आणि ज्यांनी बुवांना ऐकलं त्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी, एवढ्यावर आज आपण त्यांना थोर म्हणतो. त्या आठवणी लिहिणाऱ्यांना 'तुम्ही इतिहासकार नाही' म्हणून बाजूला केलं तर आपल्या हातात काय उरतं? तारखा. मला वाटतं जिथे कला घडता घडता नाहीशी होते, तिथे चांगला श्रोता हाच पहिला इतिहासकार असतो. त्याच्यानंतर येणारे त्याला दुरुस्त करतात, पण दुरुस्त करायला काहीतरी असावं लागतं.

स्क्वेअरकट:

तंबोरा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'दुरुस्त करायला काहीतरी असावं लागतं' हे मी मानतो. तरीही माझी अट कायम: अवतरण चिन्हांत जे घालायचं ते ऐकलेलंच असावं. वर्णन हवं तितकं फुलवा.

रविवारची_दुपार:

आपल्या भाषेत क्रिकेट आणि गाणं अशी दोन्ही वेडं एकाच लेखणीत असलेली माणसं होऊन गेली, त्यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी. दोघेही क्रिकेट आणि हिंदी चित्रपटसंगीत यांच्यावर सारख्याच जिव्हाळ्याने लिहायचे आणि बोलायचे. कणेकर २०२३ मध्ये गेले, संझगिरी २०२५ मध्ये. इंग्रजीत राजू भारतन होते, क्रिकेटचे पत्रकार आणि लता, आशा, नौशाद यांच्यावर पुस्तकं लिहिणारे.

जेम्सची कार्डसवरची टीका या मंडळींना लागू होत नाही, असं मला वाटतं. यांच्याकडे उतरंड नव्हती. कणेकरांच्या लेखी तलत महमूद आणि मुश्ताक अली एकाच मायेचे हक्कदार. चित्रपटगीत आणि क्रिकेट दोन्ही त्यांना एकाच वाटेने भेटले: रेडिओवरून. त्यामुळे एकाने दुसऱ्याला मोठं करावं अशी गरजच पडली नाही. यावर कुणीतरी सविस्तर स्वतंत्र धागा काढावा.

पश्चिमवारा:

रेडिओचा मुद्दा फार चांगला. कार्डसनेही रेडिओ केला. १९४० ते १९४७ तो ऑस्ट्रेलियात होता, सिडनी मॉर्निंग हेरल्डसाठी संगीतावर लिहायचा आणि तिथल्या नभोवाणीवर दर आठवड्याला संगीत कसं ऐकावं याबद्दल बोलायचा. त्याचे श्रोते दूरदूरच्या वस्त्यांमधले होते, ज्यांनी वाद्यवृंद कधी समोर बसून ऐकला नव्हता. आत्मचरित्र त्याने सिडनीतच लिहिलं, १९४७ मध्ये प्रसिद्ध झालं. माहलरवरचं पुस्तक मात्र उशिरा आलं, १९६५ मध्ये, आणि त्यात पहिल्या पाचच सिंफनी आहेत. दुसरा भाग कधी आलाच नाही. इंग्लंडमध्ये माहलरला कोणी फारसं विचारत नव्हतं तेव्हापासून तो त्याची बाजू मांडत होता, त्यामुळे ते अर्धवट राहणं मला चुटपूट लावतं.

आकाशवाणीप्रेमी:

कार्डस अजिबात न वाचलेल्याने सुरुवात कुठून करावी? आत्मचरित्रापासून?

मध्यलय:

आत्मचरित्र नंतर. ते सुंदर आहे, पण सगळ्यात जास्त फुलवलेलंही तेच आहे.

मी ईस्टबर्नचा सामना सुचवेन, ऑगस्ट १९२१. वॉरविक आर्मस्ट्राँगचा ऑस्ट्रेलियन संघ त्या दौऱ्यात तोवर एकही सामना हरला नव्हता. पन्नाशीला आलेला आर्ची मॅकलॅरेन म्हणाला, मी यांना हरवणारा संघ उभा करतो, आणि कार्डसने गार्डियनला गळ घालून स्वतःला तिथे पाठवून घेतलं. मॅकलॅरेनचा संघ पहिल्या डावात ४३ धावांत गारद. ऑस्ट्रेलिया १७४. कार्डसच्या सांगण्यानुसार तो निघायच्या तयारीत होता, सामान स्टेशनवर ठेवून आला होता, जाता जाता थोडं बघू म्हणून मैदानावर डोकावला. दुसऱ्या डावात ऑब्री फॉकनरने १५३ काढल्या, संघाच्या ३२६ झाल्या, आणि ऑस्ट्रेलिया १६७ वर आटोपली. २८ धावांनी विजय. शेवटच्या डावात क्लेम गिब्सनचे सहा बळी. मोठ्या दैनिकांपैकी शेवटपर्यंत तिथे थांबलेला वार्ताहर जवळजवळ तो एकटाच.

पोथीवाला यांच्या पद्धतीने वाचा: शेजारी धावफलक उघडून. वरचे आकडे त्यात तंतोतंत सापडतील. स्टेशनवरच्या सामानाचा पुरावा सापडणार नाही. दोन्हींचं काय करायचं ते वाचल्यावर इथे येऊन लिहा, स्क्वेअरकट वाट बघत असतील.

त्यानंतर तंबोरा यांनी सांगितलेलं १९५२ चं ध्वनिमुद्रण ऐका, आणि मग त्याचं फेरियरवरचं लेखन घ्या. क्रम तोच ठेवा, आधी ऐकणं आणि नंतर वाचणं.